दोन टप्पे राहिले

आमच्या गल्लीत किशनकाकांच्या घरी कुणी गेलं तर ते ‘या, बसा’ म्हणत नाहीत. ‘कुठून बसलात?’ असं विचारतात. नवखा माणूस गांगरून ‘घरूनच की’ म्हणतो, आणि काका समाधानानं पाण्याचा तांब्या पुढं करतात. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस अजून ड्युटीवरच आहे.

लग्नाच्या पंगतीत ‘मागं सरका, मधी लई जागा हाय’ हे तेच ओरडतात. एकदा एका मयतीला गेले, तिथंही दारातली गर्दी बघून त्यांच्या तोंडून तेच निघालं. लोक गुमान सरकले, हे विशेष.

अंतर ते टप्प्यात मोजतात. टप्पा म्हणजे सहा किलोमीटर, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की माझ्या वर्गातल्या पोरांनाही पाठ झालंय. मी अर्धापूरच्या शाळेत शिकवते आणि नांदेडहून रोज स्कूटीवर जाते. ‘ताई, तुमचे रोजचे तीन टप्पे जायचे न् तीन यायचे,’ असं ते कौतुकानं म्हणतात. त्यांचं दुसरं वेड म्हणजे हिशोबीपणा नव्हे, खरेपणा. ‘न चाललेल्या टप्प्याचं तिकीट फाडणं म्हंजे चोरी,’ हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. मी बागेत पाच फेऱ्या मारल्या म्हटलं तर विचारणार, ‘पाचवी पुरी झाली, का अर्ध्यात उतरलात?’

काका दर तीन-चार महिन्यांनी रक्त द्यायचे. मागच्या गल्लीतल्या सान्वीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. उन्हाळ्यात रक्तपेढी आटली की तिचा दिवस पुढं ढकलला जातो आणि पोरगी पांढरी पडत जाते. काकांना पासष्ट पूर्ण झाली तेव्हा रक्तपेढीनं त्यांना हात जोडले. वयाचा नियम. काका पेढीतून आले ते तणतणतच. ‘मी रिटायर झालो होतो, आता माझं रगत बी रिटायर केलं त्यांनी!’

मग त्यांनी लोकांकडून रक्त जमवायला धावायचं काढलं. हदगाव ते नांदेड, अकरा टप्पे, तीन दिवसांत. दर टप्प्यामागं चार माणसांनी रक्त द्यायचं कबूल केलं. काकांनी चव्वेचाळीस कार्डं लिहिली आणि जुन्या बाजारातून तिकिटांना भोक पाडायचा पंच विकत आणला. नोकरीतला पंच त्यांनी निवृत्तीच्या दिवशी परत केला होता, हे सांगायला नकोच. टप्पा धावून झाला की त्याच्या चार कार्डांना भोक. भोक पडलेलं कार्ड हातात आलं की त्या माणसानं जाऊन रक्त द्यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी रक्तपेढीत जमायचं ठरलं.

निघायच्या आठवडाभर आधी त्यांची टाच सुजली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे विश्रांती. काका म्हणाले, ‘सान्वीचा नंबर दहा दिसावर हाय. गाडी डेपोत लावून कसं चालंल?’

मी सुट्टी टाकून स्कूटीवर त्यांच्या मागं राहिले. धावणं म्हणजे दुडकी चाल, पण नेटानं. घोळ निराळाच होता. वाटेत बसथांबा आला की काका थांबायचे. माणूस असो नसो, थांबा आला की थांबायचं. टाचेचं हे दुखणं असं की चालती राहिली तर निभतं, थांबून पुन्हा टेकवली की जीव जातो. दर थांब्यावर नव्यानं कळ. मी चिडून म्हणाले, ‘काका, थांबे सोडा ना!’ तर म्हणे, ‘तीस वर्षांत सोडला न्हाई ताई, पाय ऐकत न्हाई माझं.’

तिसऱ्या दिवशी अर्धापूर सोडून एक टप्पा झाला, आणि केळीच्या बागांजवळच्या थांब्यावर काका जे थांबले ते थांबलेच. टाच टेकेना. चेहरा घामानं निथळत होता. दोन टप्पे राहिले होते.

‘बसा मागं,’ मी म्हणाले. ‘कुणी बघत नाही.’

‘मी बघून राहिलो न्.’

तेवढ्यात सान्वीच्या आईचा, सुनीताचा, फोन आला. ‘काका, सकाळपासून लोकं बसून हायत. कुणाची ड्युटी हाय, कुणाची पोरं शाळेतून यायलीत. उठून चाल्लेत हो.’ तिचा आवाज रडवेला झाला होता.

‘फोनवरूनच सांगू का, द्या म्हणून?’ मी विचारलं.

‘फोनवर कुणी गाडीत चढत न्हाई, ताई.’ ते रस्त्याकडं बघत राहिले. मग एका पायावर उडी मारत आले आणि माझ्या मागं बसले. वाटेत थांबा मागं पडला की माझ्या खांद्यावरची पकड घट्ट व्हायची.

रक्तपेढीच्या दारात उतरताच काकांनी आवाज दिला, ‘चला, आत सरका!’ जिन्यापर्यंत गेलेले लोक परत फिरले. शेवटच्या आठ कार्डांना भोक पाडताना मात्र काकांनी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. सान्वीला तिच्या दिवशीच रक्त मिळालं. गल्लीनं काकांना हार घातला, तो त्यांनी लगेच काढून ठेवला. सहा आठवडे ते घरात गप्प पडून होते.

परवा सकाळी शाळेत जाताना केळीच्या बागांजवळ मला काका दिसले. हातात काठी, तोंड नांदेडकडं. लंगडत, सावकाश चालले होते.

‘काका! इकडं काय?’

‘दोन टप्पे राहिलेत न्.’

‘अहो, रक्त देऊन झालं, चढवून झालं. कोण विचारतंय?’

‘आठ माणसं माझ्या शब्दावर सुई टोचून घेऊन गेली, ताई. मी बसून आलो.’

नांदेडपर्यंत बारा किलोमीटर होते आणि वर ऊन चढत होतं. मी शाळेत फोन करून रजा सांगितली, स्कूटी चहाच्या टपरीवर लावली आणि त्यांच्याबरोबर चालायला लागले. ‘कशाला उगं?’ म्हणाले, पण चाल हळू केली.

केळीच्या बागा मागं पडल्या तेव्हा म्हणाले, ‘आमची ही लई म्हणायची. एकदा माझ्यासंगं पायी चला कुठं तरी, गाडी नगं. मी म्हणायचो, रिटायर होऊ दे. माझ्या रिटायरमेंटच्या आधी सहा महिने गेली.’

समोरून ट्रक आला. काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, मला कोपराला धरून रस्त्याच्या कडेला केलं आणि नांदेड येईपर्यंत गाड्यांच्या बाजूनं तेच चालले.