मामांच्या फेऱ्या

अंब्रोस मामा सकाळी सहापासून ऑर्विलच्या बोटीत येऊन बसले होते, आणि त्यांना तिथून उठवायचं कुणी, यावर घरात वाद चालला होता.

"मामा तुझे," ऑर्विल म्हणाला. "तू सांग."

"एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला 'उतरा' म्हणू? तेही आईच्या वर्षाच्या जेवणाआधी?" अगाथाने सुके मासे पिशवीत कोंबले. "आईचे सख्खे भाऊ आहेत ते. बसतील एका कोपऱ्यात."

"थंडी वाजली तर? पाण्यात पडले तर?"

"तू आहेस. हर्मन आहे. दोन धट्ट्याकट्ट्या पुरुषांना एक म्हातारा सांभाळता येत नसेल, तर घरीच बसा."

घरी बसणं शक्य नव्हतं. शनिवारी सासूबाईंना जाऊन वर्ष होत होतं. सगळं गाव जेवायला येणार होतं, कोयुकुक नदीच्या वरच्या दोन गावांतून बोटी येणार होत्या, आणि मूसच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, मुंडक्याचं सूप नसेल तर त्या जेवणाला जेवण म्हणायला कुणी तयार नव्हतं. ऑर्विल शाळेच्या बॉयलरवर कामाला होता. त्याला गेली दोन वर्षं मूस मिळाला नव्हता. एका वर्षी इंजिन बिघडलं, दुसऱ्या वर्षी पाऊस हटला नाही. दोन्ही वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मांसाचा वाटा दारात आणून ठेवला आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. कुणी काही बोललं असतं तर बरं, असं त्याला फार वाटलं होतं.

हर्मन म्हणजे अगाथाचा धाकटा भाऊ. तो नवी कोरी रायफल घेऊन आला आणि बोट काठापासून सुटायच्या आधीच सुरू झाला.

"दाजी, या वेळी काळजी सोडा. एक नाही, दोन मूस पाडतो की नाही बघा."

"तोंड बंद," पुढून मामा म्हणाले. डोक्यावर कोटाची टोपी, गुडघ्यांवर ताडपत्री, नजर नदीवर. "नाव घेऊन बढाई मारू नये. ऐकतो तो."

"इतक्या लांबून?"

"कान बघितलेस त्याचे?"

गप्प बसणं हर्मनच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळी मुक्कामाच्या झोपडीत पोचेपर्यंत त्याने बोलण्यातच चार मूस पाडून, सोलून, वाळवूनही टाकले होते.

दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा नदीवर धुकं बसलं होतं. सप्टेंबरात ते रोजचंच. पण हे अंगाला चिकटणारं होतं. इंजिनाचा आवाजसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. तासाभराने ते मोठ्या वळणाशी आले. तिथे नदी इतकी एकाएकी वळते, की मधलं पाणी खाली धावतं आणि काठाजवळचं पाणी वळून पुन्हा वर चढतं. ओंडके तिथे दिवसदिवस गोल फिरत राहतात. जुनी माणसं त्या वळणावर कधी मुक्काम करत नसत. का, ते ऑर्विलने विचारलं नव्हतं आणि कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

वाळूच्या पट्ट्याला बोट लागली. मामा ताडपत्री गळ्यापर्यंत ओढून गाढ झोपले होते.

"झोपू दे त्यांना," हर्मन कुजबुजला. "आपण त्या झुडपांपाशी जाऊन बोलावून बघू. दहा मिनिटं."

मूसला बोलवायचं ते एखाद्या मूसच्याच खांद्याच्या वाळक्या हाडाने. ते विलोच्या झुडपावर घासलं की नर शिंगं घासतोय असा आवाज होतो, आणि दुसरा नर भांडायला येतो. ऑर्विलने घासलं. खर्र... खर्र... आवाज धुक्यात गेला आणि परतच आला नाही. कुठे पक्षी नाही, फांदीची करकर नाही. नदीचाही आवाज बंद झाल्यासारखा वाटत होता.

"दाजी," थोड्या वेळाने हर्मन म्हणाला, "ती आपलीच बोट का हो?"

पाण्यावरून एक बोट आडवी होऊन संथ चालली होती. इंजिन बंद. पुढच्या फळीवर मामा ताठ बसलेले, टोपी डोळ्यांवर, हनुवटी छातीला टेकलेली.

"आपली कशी असेल? आपली तू बांधलीस ना?"

"मी? मी दोर तुमच्या हातात दिला!"

"माझ्या हातात तू हे हाड दिलंस!"

दोघांनी हाडाकडे पाहिलं आणि धावत सुटले.

"मामा! ओ मामा! उठा! इंजिन सुरू करा!"

मामा हलले नाहीत. धुक्याने आधी बोटीचं टोक गिळलं, मग मामांना. दोघे पट्ट्याच्या टोकापर्यंत पळाले. पुढे काळंभोर खोल पाणी होतं, आणि मागे जंगल इतकं दाट की हात घालायला फट नाही.

"तीन बार काढ हवेत," ऑर्विल धापा टाकत म्हणाला. "ऐकून तरी जागे होतील."

हर्मनने रायफल खांद्यावरून काढली, खिसे चाचपले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काडतुसं बोटीत आहेत."

"आणि माझी रायफल?"

"तीही बोटीतच आहे, दाजी."

ऑर्विल एका ओंडक्यावर बसला. अगाथाला कसं सांगायचं, याची त्याने मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली. 'अगं, मामा जरा पुढे गेलेत.' पुढे म्हणजे कुठे? 'म्हणजे नदीनं... समुद्राकडे.' तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि ते वाक्य त्याने सोडून दिलं. दुसरं सुचेना.

लांब काठी मिळाली तर बोट ओढता येईल, म्हणून हर्मन झुडपांत शिरला. ऑर्विल पाण्याकडे बघत उभा राहिला. आणि बोट परत आली.

ती खालून वर येत होती. इंजिनाविना, वल्ह्याविना, प्रवाहाच्या उलट, कुणीतरी दोरीने ओढावी तशी. काठाजवळचं पाणी उलटं वाहतं, हे ऑर्विलला मनातून ठाऊक होतं. तरी मानेवरचे केस उभे राहायचे ते राहिलेच. आता मामांची पाठ त्याच्याकडे होती. कोटाची टोपी, वाकलेले खांदे. का कोण जाणे, मामा जरा उंच वाटले.

"मामा!" त्याने हाक मारली.

"चहा आहे का?"

आवाज हलका होता, पण अगदी कानाशी बोलल्यासारखा. ऑर्विलच्या जिवात जीव आला.

"बोटीतच आहे! तुमच्या पायाशी बघा! आधी इंजिन सुरू करा, मामा, मग प्या!"

उत्तर आलं नाही. पाठ फिरली नाही. बोट धुक्यात गेली.

हर्मन काठी घेऊन धावत आला. "कुणाशी बोलताय?"

"मामा गेले. चहा मागत होते."

"आत्ता?"

"आत्ता."

"म्हणजे जागे आहेत! मग इंजिन का नाही लावत?" हर्मन संतापला. "आम्ही इथं मरतोय आणि यांना चहा सुचतोय!"

दोघे काठी सावरून अगदी पाण्याच्या कडेला उभे राहिले. पाय थंडीने बधिर झाले. किती वेळ गेला कळेना; त्या धुक्यात घड्याळ बघायचंही जिवावर येत होतं. मग पुन्हा बोटीचं तेच टोक पुढे आलं, हळूहळू, आवाज न करता.

बोट रिकामी होती.

हर्मनच्या हातातली काठी गळून पडली. फळीवर कुणी नव्हतं. ताडपत्री नव्हती. काहीच नव्हतं. बोट गेली.

"माझ्यामुळे," हर्मन म्हणाला, आणि पोरासारखा रडू लागला. "मामांनी सांगितलं होतं, बढाई मारू नको. मी दोन म्हणालो. संध्याकाळपर्यंत चार केले. दाजी, मी उडी घेतो."

"कुठं उडी घेतोस? ते बर्फाचं पाणी आहे!"

"सोडा मला!"

तो पाण्यात घुसला. ऑर्विलने त्याचा पट्टा धरला. पट्टा तुटला नाही, पण कडेचा चिखल खचला, आणि दोघे मांड्यांपर्यंत आत गेले. जितकं हलावं तितकं खाली. शेवटी दोघे एकमेकांना धरून निमूट उभे राहिले. हर्मनचे दात वाजत होते. ऑर्विलला आता अगाथाचा चेहरा आठवायचीही हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात मागून कुणीतरी श्वास सोडला.

चांगला खोल, लांबलचक श्वास. ऑर्विलने हळूच मान वळवली. वीसेक पावलांवर धुकं जरा दाट झाल्यासारखं दिसत होतं. मग त्या दाट धुक्याला पाय फुटले, नाक फुटलं, आणि वर दोन्ही बाजूंना फळ्यांसारखी रुंद शिंगं पसरली. असा मूस ऑर्विलने जन्मात पाहिला नव्हता. त्याचे कान एकदा ऑर्विलकडे वळले, एकदा हर्मनकडे.

हर्मनच्या खांद्याला नवी कोरी, रिकामी रायफल होती. तिला हात लावायचंही त्याच्या मनात आलं नाही.

"काका," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "आम्ही आपलं असंच फिरायला आलोय. तुमच्यासाठी नाही. खरंच नाही."

मूसने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ही दोघं भांडायच्या लायकीची नाहीत असं ठरवून तो वळला आणि वाळूच्या पट्ट्यावरून दुसऱ्या टोकाकडे चालू लागला. साठ-सत्तर पावलं गेला असेल. धुकं नुकतं विरायला लागलं होतं.

एक बार झाला. पाठोपाठ दुसरा.

मूस दोन पावलं चालला, थांबला, गुडघ्यांवर आला, आणि कोरड्या वाळूवर आडवा झाला.

पलीकडच्या झुडपांतून अंब्रोस मामा बाहेर आले. कोरडे खडखडीत, खांद्यावर ऑर्विलची रायफल. ते आधी मूसपाशी गेले, त्याच्या मानेवर हात ठेवून आपल्या जुन्या बोलीत हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि मगच या दोघांकडे आले.

"चिखलात काय करताय?"

"मामा!" हर्मन हमसून म्हणाला. "तुम्ही आहात!"

"नाही तर कोण असणार?" मामांनी पडलेली काठी पुढे केली. "धर. काम पडलंय."

काम सगळा दिवस पुरलं. सोलायचं, चिरायचं, पाठीवर वाहायचं. कुणाला बोलायला फुरसत नव्हती. बोट झुडपांमागच्या एका ओघळीत सापडली, पक्क्या गाठीने बांधलेली. ऑर्विलला काहीतरी विचारायचं होतं, पण खांद्यावर मागची तंगडी होती. ती खाली ठेवेपर्यंत तो विसरून गेला.

शनिवारी जेवण झालं ते गावाच्या लक्षात राहील असं. सूप तीनदा चुलीवर चढलं. वरच्या गावच्या म्हाताऱ्यांनी सासूबाईंच्या आठवणीची गाणी म्हटली, अगाथा रडली, हसली, पुन्हा रडली. लोक पांगल्यावर घरचीच चार माणसं उरली, तेव्हा ती मामांच्या वाडग्यात सूप ओतत म्हणाली, "मामा, त्या दिवशी फार गारठला असाल. दोन फेऱ्या मारल्यात म्हणे धुक्यात. आणि तिसऱ्यांदा बोट रिकामी पाहून यांचा तर जीवच गेला."

"दोन?" मामांनी हाड तोंडातून काढलं. "पहिल्याच वेळी जरा खाली गेल्यावर मला जाग आली. बघतो तर बोट चाललेली. वल्ह्यानं काठाला नेली, झुडपाला बांधली, आणि तिथंच बसून राहिलो. तुमचा आरडाओरडा चालला होता, म्हटलं, चालू दे. तो ऐकूनच तर तो शिंगवाला आला."

"बांधल्यावर बोट सुटली असेल पुन्हा," ऑर्विल म्हणाला.

"मी तिच्यातच बसलो होतो."

हर्मनचा चमचा हवेत थांबला. "मग दुसऱ्यांदा गेलं ते कोण?"

ऑर्विल मामांच्या हसण्याची वाट बघत राहिला. मामांना लोकांना बनवायची जुनी खोड होती. बनवून झालं की ते मांडीवर थाप मारत. हात मांडीकडे गेला नाही. त्यांनी वाडगा खाली ठेवला.

"बोलला का तो काही?"

"चहा आहे का, म्हणाला," ऑर्विलने सांगितलं.

"दिलास?"

"बोटीतच आहे म्हणून सांगितलं."

"बोट तर माझ्याकडे होती."

चुलीत लाकूड फुटलं तेव्हा हर्मन दचकून उभाच राहिला आणि मग उगाच पाणी प्यायला गेला.

"म्हणजे मिळाला नाही त्याला," मामा विचार करून म्हणाले. "कोण असेल ते असो. त्या पाण्यावर थंडीत बसलेला माणूस घोटभर चहा मागतो, आणि आपण त्याला तुझ्या पायाशी बघ म्हणतो. हे बरं नाही झालं. वर त्यानं काही वाकडं केलं नाही, उलट स्वतःच्या दारी आलेलं खाणं आपल्याला घेऊ दिलं. उद्या जा आणि देऊन ये."

"मी?"

"मागितला कुणाकडे?"

हर्मनने लगेच जाहीर केलं की उद्या त्याला धावपट्टीवर काम आहे. रविवारी तिथे विमान येत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण कुणी तो विषय काढला नाही.

सकाळी ऑर्विल बोटीत चढला तेव्हा नदीवर पुन्हा धुकं होतं. अगाथा काठावर आली. तिने गरम चहाचा डबा टॉवेलात गुंडाळला होता, सोबत तळलेल्या भाकरीचे दोन तुकडे. ती भुताखेतांवर विश्वास नसणारी बाई होती, आणि तसं तिने येता येता दोनदा सांगितलंही. डबा देऊन ती वळली, चार पावलं गेली, आणि पुन्हा परत आली. एप्रनच्या खिशातून तिने कागदाची एक छोटी पुडी काढून त्याच्या हातात ठेवली.

"साखर वेगळी दिलीय," ती म्हणाली. "किती घेतो कोण जाणे."