भावी राष्ट्रपती, मुक्काम दिघाशी

केसरीनाथ तरे यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्याचा विचार सुरू केला, त्यामागे देशाची परिस्थिती हे कारण नव्हतं. कारण होतं भिवंडीच्या धामणकर नाक्यावर बॅनरसाठी असलेली जागेची टंचाई.

झालं असं, की केसरीनाथशेठच्या वाढदिवसाचा बॅनर करायला कार्यकर्ते मितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. दिघाशीचे माजी सरपंच, पंचायत समितीचे माजी सदस्य, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आणि वळ गावात गोदामं भाड्यानं देणारे मालक, एवढ्या मुरलेल्या पुढाऱ्याच्या नावामागं नुसतं 'माजी' बरं दिसत नाही. 'भावी' काहीतरी हवंच. मितेशनं नाक्याची परिस्थिती समजावून सांगितली. 'भावी नगरसेवक' इतके होते, की सगळे निवडून आले असते तर महापालिकेला सभा मैदानात घ्यावी लागली असती. 'भावी आमदार' चौघे होते. 'भावी खासदार' उड्डाणपुलाच्या खांबावर पाठीला पाठ लावून दोघे होते, आणि 'भावी मुख्यमंत्री' गणपतीपर्यंत बुक होता. दुसऱ्याच्या भावी पदावर आपला माणूस चढवणं भिवंडीत मारामारीला पुरेसं कारण मानलं जातं. मागच्या वर्षी एका समितीचे दोन भावी सभापती एकमेकांना भिडले. ती समितीच बरखास्त झालेली आहे, हे पोलिसांनी त्यांना दवाखान्यात जाऊन कळवलं.

"वर काय रिकामं हाय?" कार्यकर्त्यांनी विचारलं.

"राष्ट्रपती," मितेश म्हणाला. "तिथं अजून कोण नाय. पण आज काय ते बोला, उद्या जाईल."

बॅनर लागला. दुसऱ्याच दिवशी शेअर रिक्षावाल्यांनी शेठसाठी पुढची नव्हे, मागची खिडकीची सीट राखून ठेवली. यंत्रमागावरचे कामगार चहाच्या टपरीवर विचारू लागले, "सेठ, दिल्ली कब जा रहे हो?" वर्षभर शेठचा फोन न उचलणाऱ्या वीज मंडळाच्या साहेबांनी स्वतःहून फोन करून तब्येत विचारली. जिल्ह्याच्या नेत्यांनी खासगीत चौकशी केली, की याच्या मागे कोण आहे. केसरीनाथ तीस वर्षं राजकारणात होते, त्यामुळे ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, नुसते हसले. ते हसू दिल्लीहून आलेलं आहे, असा जिल्ह्यात सर्वांचा समज झाला.

हळूहळू तो खुद्द केसरीनाथांचाही झाला. तेव्हा त्यांनी नेत्राला बोलावलं.

नेत्रा दिघाशीचीच. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झालेली, आणि शेठच्या संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पगार. महाविद्यालयात आमदार आले आणि तास बुडाला, तर आमदार आल्याचा आनंद. तिला कायम करण्याचा विषय अध्यक्षांच्या 'विचाराधीन' होता. या जूनमध्ये कायम झाली नाही, तर वळच्या गोदामात पार्सलं स्कॅन करायच्या शिफ्टला जावं लागणार होतं, आणि तिथल्या सुपरवायझरनं तिचा गणवेशाचा साइझही विचारून ठेवला होता.

"पोरी, तू शिकलेली हायस," केसरीनाथ म्हणाले. "ही निवडनूक कशी लडवायची, आभ्यास करून सांग. तुझं जूनचं मंग मी बगतो."

नेत्रानं अभ्यास केला. अर्धवट अभ्यास करणं तिला जमतच नसे. आठवड्यानं ती शेठच्या बंगल्यावर गेली. शेठच्या पत्नी हौसाकाकी ओटीवर वाल सोलत होत्या, आणि शेठ झोपाळ्यावर बसून राष्ट्रपतींसारखे पाय हलवत होते.

"काका, पहिली गोष्ट. या निवडणुकीत लोक मतदान करत नाहीत."

झोपाळा थांबला. "एकपन न्हाय?"

"एकही नाही. फक्त निवडून आलेले आमदार आणि खासदार."

केसरीनाथांच्या चेहऱ्यावरून तीस वर्षांचा थकवा उतरला. सार्वजनिक जीवनात त्यांना एकच अडचण कायम आली होती, ती म्हणजे लोक. इतकी सोयीची निवडणूक देशात आहे आणि कुणी सांगितलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला, की हळदी कुणाकुणाच्या करायच्या.

हा प्रश्न परक्याला विचित्र वाटेल, पण या तालुक्यात मत हळदीच्या मांडवातून जातं. लग्नाला कुणीही येतो. हळदीला पुढारी आला पाहिजे. माइकवरून नाव पुकारतात, पुढारी नवरदेवाच्या गालाला बोट लावतो, शाल-नारळ घेतो आणि पुढच्या मांडवाकडे पळतो. केसरीनाथांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर एक पिवळा डाग होता. तो त्यांनी कधी काढू दिला नव्हता. त्यांची राजकीय कारकीर्द म्हणजे तो डाग.

"म्हंजे आमदार-खासदारांच्या पोरांच्या हळदी," त्यांनी स्वतःच उत्तर काढलं. "देशभराच्या."

नेत्रानं शास्त्रीय शिस्तीनं सांगितलं, की सगळ्या हळदी सारख्या नाहीत. प्रत्येक राज्यातल्या आमदाराच्या मताचं मूल्य वेगळं असतं. उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराचं मत सिक्कीमच्या जवळजवळ तीस आमदारांइतकं भरतं. शेठनी लगेच सिक्कीमच्या हळदी रद्द केल्या. तिथं हळदी करतात का, हे कुणीच विचारलं नाही.

"आणि हे मूल्य एकोणीसशे एकाहत्तरच्या जनगणनेवरून काढतात," नेत्रा म्हणाली. "ते मला नीटसं पटत नाही."

"त्या गन्तीत मी हाय," केसरीनाथ म्हणाले. "तू न्हायस. मंग तुला पटून काय उपेग?"

आकडेवारी शेठच्या बाजूनं होती.

पुढं पात्रतेचा विषय निघाला. राष्ट्रपती पक्षांच्या वर असावा अशी अपेक्षा असते, असं ती म्हणाली. शेठ म्हणाले, आपण सगळ्याच पक्षांत राहून आलोय, म्हणजे कुणाचेच नाही. काम काय, तर सरकार पाठवेल त्यावर सही करणं, असं नेत्रानं सांगितलं. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं.

"परत कशाला पाठवायचं? मी ग्रामसेवकाला कंदी परत न्हाय पाठवलं."

राहायला तीनशे चाळीस खोल्यांचं घर मिळतं म्हटल्यावर त्यांनी छताची उंची आणि कंटेनर आत वळेल का, हे विचारलं. हौसाकाकींनी वालाचं टरफल बाजूला टाकत विचारलं, "आनि तवऱ्या खोल्या झाडनार कोन? मी न्हाय येत दिल्लीला."

शेवटचा मुद्दा नेत्रानं मुद्दाम शेवटी ठेवला होता. अर्जावर पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात. सगळे आमदार किंवा खासदार.

केसरीनाथांना ओळख देणारा आमदार एक होता, तोही हात हलवण्यापुरता, चालत्या गाडीतून.

"म्हंजे फारमच बाद?"

"हो, काका."

शेठनी सदऱ्याच्या बाहीवरच्या डागाकडे पाहिलं आणि मग नेत्राकडे. ती नजर नेत्राला कळली. जून महिना तिच्या डोळ्यांदेखत गोदामाच्या शटरखाली सरकून आत जायला लागला. पुढचं वाक्य तिनं विचार करून उच्चारलं नाही. वर्गात रोज शिकवायची, तेच तोंडातून बाहेर आलं.

"काका, उंचावर ठेवलेला दगड काहीच करत नाही. पण खालून जाणारा प्रत्येक जण वर बघत, जपून चालतो. दगडाची ताकद तो वर आहे यातच असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. दगड पडला, की ताकद संपली. मग तो साधा दगड."

"मंग?"

"मग तुम्ही पडू नका. अर्जच भरू नका. नुसता विचार करत राहा. विचार करणाऱ्याचा फॉर्म बाद होत नाही, आणि त्याला कुणी हरवू शकत नाही."

केसरीनाथांनी झोपाळ्याला पायानं हलकेच झोका दिला. "म्हंजे काय पन करायचं न्हाय?"

"काही नाही. फक्त ते सगळ्यांना दिसेल असं करायचं."

तीस वर्षांत एवढा स्वच्छ राजकीय सल्ला त्यांना कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिघाशीत 'राष्ट्रपतिपद विचारविनिमय समिती' स्थापन झाली. दर सोमवारी सकाळी केसरीनाथ ओटीवर दोन तास विचार करीत. मांडव, खुर्च्या आणि माइक यांची सोय असे. लोक विचार बघायला येत आणि येताना कामं आणत. केसरीनाथ सरपंच असताना गावाचं जळलेलं विजेचं रोहित्र त्यांना बदलून घेता आलं नव्हतं. ते आता भावी राष्ट्रपतींच्या एका फोनवर बदललं गेलं. असलेल्या पदाची हद्द ठरलेली असते; नसलेल्या पदाची हद्द कुठं संपते, हे विचारायची कुठल्या साहेबाची हिंमत?

मग तालुका शहाणा झाला. आधी एका ठेकेदारानं खड्ड्यांच्या कडेला 'भावी काँक्रीट रस्ता' असा बोर्ड लावला. त्याचं उद्घाटन झालं, बिल निघालं, आणि खड्ड्यांना रस्त्याच्या पूर्वतयारीचा दर्जा मिळाला. एका आरोग्य केंद्रात भावी डॉक्टरांच्या खोलीबाहेर रुग्ण रांगेत बसू लागले आणि बरं वाटल्याचंही सांगू लागले. नळाला भावी पाणी आलं, त्याची पट्टी मात्र चालू वर्षाची. कुणी तक्रार केली, तर साहेब त्याला नम्रपणे सांगत, की आपली तक्रार भावी निवारणासाठी घेतली आहे. तक्रारदार आभार मानून जात.

जून आला. संस्थेच्या कार्यक्रमात नेत्राचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. माइकवरून तिचं नाव पुकारलं गेलं, आणि त्यापुढं 'आपल्या संस्थेच्या भावी कायम प्राध्यापिका' असं जोडलं गेलं. टाळ्या पडल्या. तिची आई पदरानं डोळे पुसत होती.

नेत्रा नारळ हातात धरून शेठपाशी गेली. "काका, हे खरं कधी होणार?"

केसरीनाथांनी तिच्या डोक्यावर मायेनं हात ठेवला. "येडी हायस का? खरं झालं, की तू पन साधी मास्तरीन. दगड पडला, की ताकद संपली. तूच शिकवलंस ना मला?"

सुपरवायझरचा फोन आला, तेव्हा तिनं शिफ्टला नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. आपला विचार चालू आहे, असं कळवलं. त्यानं तिला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात नाक्यावर नवा बॅनर चढला. मध्ये केसरीनाथ, शेजारी नेत्रा, आणि तळाशी मोठ्या अक्षरांत : 'शुभेच्छुक – समस्त नागरिक'. नेत्रा खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग ती मितेशच्या दुकानात शिरली.

"हे 'समस्त' कुणाला विचारून टाकतोस?"

"कोणाला नाय," मितेश प्रामाणिकपणे म्हणाला. "एवढी वर्षं टाकतोय, एकपण माणूस येऊन बोलला नाय, की मी त्यात नाय म्हणून. कोण बोलला तर काढीन ना. एक जरी कमी झाला, तरी ते समस्त कसं राहील?"

नेत्राला हे तर्काच्या दृष्टीनं बिनचूक वाटलं. एक नकार पुरे होता. तिनं तोंड उघडलं. मग तिला आई, शाल आणि तो 'मॅडम' आठवला.

"माझा फोटो जरा तिरका आलाय," ती म्हणाली. "दुसरा देते."

बॅनर अजून नाक्यावर आहे. 'समस्त' मध्ये आपणही आहात. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच. पण मितेशचं दुकान रोज सकाळी दहाला उघडतं, आणि आपण त्यावरूनच जाता. आज थांबणार आहात, की आपलाही विचार चालू आहे?