दोन आक्षेप आणि हिरवळ

मी नागरिकशास्त्र शिकवतो. नुसतं पुस्तकातलं नव्हे! वर्गात ठराव मांडायचा, चर्चा करायची, मतं घ्यायची आणि बहुमताने ठरेल तसं वागायचं, अशी माझी पद्धत. सांगायला आनंद वाटतो, की इतक्या वर्षांत माझ्या वर्गात एकही ठराव माझ्या मनाविरुद्ध मंजूर झालेला नाही. मुलांच्या अंगी लोकशाही किती मुरली आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

हाच पुरावा देऊन मी एक शोधनिबंध लिहिला. शिक्षकाने वर्गात हरायची तयारी ठेवली पाहिजे, हे त्याचं सार. (माझी तयारी होतीच. वेळ आली नव्हती, इतकंच.) निबंध परदेशातल्या एका संस्थेला भलताच आवडला. देशोदेशीच्या शाळांत मुलं निर्णय कसे घेतात, यावर त्यांचा मोठा अभ्यास सुरू होणार होता. आमची शाळा त्यात घ्यावी का, हे बघायला संस्थेच्या प्रमुख बाई स्वतः माझ्या तासाला येऊन बसणार होत्या. शाळा पसंत पडली तर इथला एक शिक्षक समन्वयक होणार, आणि समन्वयकाला दर वर्षी परिषदेसाठी परदेशी जावं लागणार!

“जावं लागणार, काय करता!” मी घरी कपाळाला आठ्या घालून म्हणालो.

“बॅग माळ्यावर आहे,” बायको म्हणाली. “पण आधी तास तर होऊ द्या, अहो.”

तिला माझी कीर्ती सहन होत नाही असं नाही. तिला ती दिसतच नाही.

मी तयारीला लागलो. पाहुण्यांचा चहा मैदानावर, हिरवळीवर व्हावा, ही कल्पना माझी. आमच्या मैदानावर हिरवळ नव्हती, धूळ होती, ही एवढीच काय ती अडचण. मुख्याध्यापिका बाईंनी गवताच्या तयार पट्ट्या मागवल्या, सतरंज्या घालाव्यात तशा त्या मैदानभर अंथरल्या आणि फाटकाला कुलूप घातलं. गवत मूळ धरेपर्यंत खेळ बंद! मधल्या सुट्टीत मुलं जिन्यावर बसू लागली. खेळाचे सर गळ्यात शिट्टी अडकवून व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले आणि मी दिसलो की सुस्कारा सोडू लागले. त्यांच्याकडे लक्ष द्यायला मला सवड नव्हती.

तासासाठी मी ठराव निवडला, ‘वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात वाचनकोपरा करावा’. याच्या विरोधात कोण हात वर करणार? आणि नेमकं तेच माझ्या डोक्यात घोळू लागलं. सगळेच हात एकदम वर गेले तर पाहुण्या बाईंना वाटेल, मुलांकडून पाठ करून घेतलंय! तेव्हा विरोध हवा. दिसेल असा हवा, पण लागणार नाही असा हवा. थोडक्यात, मला एक भरवशाचा विरोधक हवा होता.

मी मुंगीला निवडलं.

मुंगी म्हणजे माझी भाची. ताईचं कुटुंब आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतं. ताई नि भावजी दोघंही कामावरून उशिरा येत असल्याने मुंगी जेवायला आमच्याकडे असते आणि शाळेत माझ्याच वर्गात आहे. वर्गात हजेरी घेताना तिचं ‘हजर’ ऐकायला मला कान पुढे करावा लागे. असा विरोधक दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता!

“हे बघ,” मी तिला जेवणाच्या टेबलावर समजावलं. “मी ठराव मांडला, की तू उभी राहायचंस आणि आक्षेप घ्यायचास. मी उत्तर देईन. मग दुसरा आक्षेप. मी पुन्हा उत्तर देईन. मग पटल्यासारखी मान हलवायची आणि खाली बसायचं.”

“दोनच आक्षेप?” मुंगी पुटपुटली.

“दोनच. तिसरा घेतला की ते भांडण दिसतं.”

“आणि पटलं नाही तर?”

“तरी मान हलवायची!”

“मग आक्षेप घ्यायचाच कशाला, मामा?”

“अगं, सगळ्यांचं एकच मत पडलं तर पाहुण्यांना खोटं वाटतं. एक तरी मत विरोधात हवंच. लक्षात ठेव!”

तिने लक्षात ठेवलं. फार लक्षात ठेवलं.

सराव म्हणून मी तिला घरातल्या कुठल्याही गोष्टीवर आक्षेप घ्यायची मुभा दिली. पहिल्या दिवशी तिने भाजीत मीठ कमी असल्याचा आक्षेप इतक्या हळू घेतला, की तो भाजीलाच सांगितल्यासारखा वाटला. “मोठ्याने!” मी ओरडलो. “पोटातून आवाज काढ! समोरच्याच्या डोळ्यांत बघ! कारण विचार! कोणी ठरवलं ते विचार!”

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “टीव्हीचा रिमोट कायम मामांकडेच असतो, हे कोणी ठरवलं?”

“उत्तम आक्षेप!” मी टाळी दिली.

“उत्तर द्या की,” बायको म्हणाली.

पुढे खिडकीजवळची खुर्ची गेली. सकाळी वर्तमानपत्र पहिलं वाचायचा मान गेला. ताई एकदा जिन्यात अडवून म्हणाली, “अरे, हिला काय शिकवतोयस? काल तिने आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, की तिची झोपायची वेळ कुठल्या बैठकीत ठरली!”

“नागरिक घडतोय, ताई!” मी छाती फुगवून म्हणालो.

तासाचा दिवस उजाडला. पाहुण्या बाई उंच, हसऱ्या, मागच्या बाकावर गुडघे कसेबसे दुमडून बसलेल्या. शेजारी त्यांची दुभाषी. ही मुलगी इतकी प्रामाणिक, की वर्गात कोणी शिंकलं असतं तर तेही तिने भाषांतर करून सांगितलं असतं.

“या वर्गात,” मी हात पसरून म्हणालो, “बहुमताचा शब्द अखेरचा असतो. शिक्षकाचा नव्हे!” बाईंनी मान डोलावली. मी ठराव मांडला.

मुंगी उभी राहिली. “आक्षेप! मागच्या कोपऱ्यात पंखा नाही. तिथे उकाड्यात कोण वाचणार?”

मी कौतुकाने उत्तर दिलं. पाहुण्या बाई पुढे सरकून बसल्या.

“दुसरा आक्षेप! हा ठराव कोणी ठरवला? आम्हाला तर कोणी विचारलंच नाही.”

हे सरावात नव्हतं. तरी मी शिक्षकांच्या मार्गदर्शनाबद्दल चार गोड वाक्यं बोललो आणि तिच्या मान हलवण्याची वाट पाहू लागलो. मुंगीने मान हलवली. पण आडवी!

“पटलं नाही, सर. आम्हाला विचारलं असतं, तर आम्ही मैदानाचा ठराव मांडला असता.”

वर्गात एकच गलका झाला. “हो! मैदान! मैदान!”

“मुंगे, खाली बस!” मी दातओठ खात कुजबुजलो.

दुभाषीने लगेच त्याचंही भाषांतर केलं. पाहुण्या बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी विचारलं, “मैदानाचं काय झालं?”

मग मुलांनीच सांगितलं. कुलूप, जिना, गवत, सगळं! आणि गवत कोणासाठी, तेही. बाईंचा चेहरा गोरामोरा झाला.

“सर,” मुंगी माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, अगदी पोटातून आवाज काढून, “आपल्या वर्गात बहुमताचा शब्द अखेरचा असतो, असंच ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. परदेशचं विमान माझ्या डोळ्यांसमोर धावपट्टीवरच थांबलं. “अर्थात,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? निबंधातच तसं लिहिलं होतं!

मैदान उघडायचा ठराव मंजूर झाला. दुभाषीचाही हात वर होता.

किल्लीसाठी शोधाशोध करावी लागेल, तेवढ्यात काहीतरी सुचेल, अशी माझी आशा होती. पण किल्ली खेळाच्या सरांच्या खिशातच होती, आणि कुलूप निघाल्याचा आवाज व शिट्टीचा आवाज मला एकदमच ऐकू आला. पोरं सुटली! गवताच्या पट्ट्या पायांखाली गोळा होऊन गुंडाळल्या जाऊ लागल्या. एका पट्टीवर उभा असलेला गोलरक्षक पट्टीसकट गोलात गेला. तो गोल धरायचा की नाही, यावरही मतं घेतली गेली. पाहुण्या बाई चपला काढून दुसऱ्या गोलासमोर उभ्या राहिल्या आणि “इकडे! इकडे!” हे दोन शब्द आमच्या भाषेत शिकल्या.

मुख्याध्यापिका बाई चहाच्या कपांसह फाटकात आल्या आणि जागीच थिजल्या.

“सर! हे काय चाललंय?”

“बहुमत, बाई,” मी क्षीण आवाजात म्हणालो.

खेळ संपल्यावर धुळीने माखलेल्या पाहुण्या बाई मुंगीचा हात धरून माझ्याकडे आल्या. इतक्या देशांतले वर्ग पाहिले, पण असं निर्भय मूल पाहिलं नाही, म्हणाल्या. हिला कोणी तयार केलं?

आता आली का पंचाईत! मी केलं म्हणावं, तर तास बसवलेला होता हे उघड होतं. मी नाही म्हणावं, तर श्रेय जातं.

“सरांनीच शिकवलं,” मुंगी म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. “फक्त ते म्हणाले होते, दोन आक्षेपांनंतर गप्प बस.”

दुभाषीने शब्दन् शब्द सांगितला.

पाहुण्या बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शाळा त्यांना पसंत पडली, तीही एकदम! समन्वयक कोण, हेही मग वर्गानेच ठरवावं असं त्या म्हणाल्या. गुप्त मतदान. मुलांनी दोन नावं पुढे केली, मी आणि खेळाचे सर.

मी एका मताने हरलो.

खरं सांगतो, फार वाईट वाटलं. त्या रात्री मी पानावर नुसताच बसून होतो. माळ्यावरची बॅग बायकोने खाली काढून ठेवली होती. खेळाच्या सरांकडे बॅग नव्हती, ते मागायला येणार होते.

“मामा, असं कसं झालं?” मुंगीने हळहळून विचारलं. “मला वाटलं, तुम्हाला सगळेच मत देणार. सगळ्यांचं एकच मत पडलं तर पाहुण्यांना खोटं वाटेल, म्हणून मी एकटीनेच खेळाच्या सरांना दिलं. तुम्हीच सांगितलं होतंत ना, एक तरी मत विरोधात हवंच!”

“अगं, पण ते—” मी म्हणालो.

“बरोबर केलंस,” बायको म्हणाली.

“अगं, निदान माझ्यासाठी तरी—” मी पुन्हा म्हणालो.

“मामा,” मुंगी प्रेमाने म्हणाली, “दोन आक्षेप झाले तुमचे.”

मी पटल्यासारखी मान हलवली आणि जेवायला लागलो.