यल्लाप्पाण्णांची भुशाची पेटी

हिंडलग्याच्या रस्त्यावर एकदा पोलीस शिपायानं यल्लाप्पाण्णांची सायकल अडवली. कॅरिअरला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यातून धूर येत होता.

“ह्यात काय हाय?”

“उष्णता,” अण्णा म्हणाले.

शिपाई चार पावलं मागं सरला. डबा उघडायला लावला तर आत राख आणि राखेत नारळाएवढा लोखंडाचा गोळा. जप्त करावा तर हात लावायची सोय नाही. अण्णाच त्याला दटावू लागले, “सोडा लवकर. तुमच्या चौकशीत माझा भात कच्चा ऱ्हाईल.”

आमच्या भिंतीला भिंत लागून अण्णांचं घर. मी शाळेत शिकवायचे, म्हणून ते मला बाई म्हणत. ते बेळगावच्या एका फौंड्रीत भट्टीवर होते. एकोणीसशे ऐंशीच्या आगेमागे दिवसा विजेची कपात असायची, त्यामुळं भट्टी रात्री चाले. सकाळी पाळी सुटली की ओतकामातला एक तापलेला गोळा राखेत पुरून अण्णा घरी आणत. घरात एक मोठी लाकडी पेटी होती. मधे विटा, विटांभोवती राख, आणि त्याबाहेर हातभर भाताचा भुसा. गोळा विटांत ठेवायचा, त्यावर तांदळाचं पातेलं, आणि झाकण लावून दुपारपर्यंत तिकडं फिरकायचं नाही. भात आपोआप शिजे. ना लाकूड, ना रॉकेलची रांग.

मालकानं एकदा हटकलं, तर म्हणाले, “लोखंड तुमचं, ऊब माझी. लोखंड रोज रात्री परत आणतोय की.” आणि खरंच आणत.

कुणाच्या घरी चूल रिकामी जळताना दिसली की अण्णा दारातून ओरडायचे, “आक्का, ऊब उंडारतीया!” एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला इतकं पिडलं की त्यानं हातातला झारा अण्णांच्याच हातात दिला आणि निघून गेला. पेटीत मंद आचेवर दूध आटून बेळगावी कुंदा होईल, अशी पैज त्यांनी अख्ख्या गल्लीशी लावली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दुधाचं दही. तेच वाटीवाटीनं घरोघर वाटलं. “उष्णतेनं काम केलंच की! कुठलं केलं, ते का बघताय?”

मी हसायचे. त्यांना चिक्कूसुद्धा म्हणायचे. आज त्याची लाज वाटते. कारण मला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीलाच ठाऊक होतं, की त्यांच्या बायकोला, तुळसाक्कांना, दमा होता. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकता फुंकता आक्कांचा चेहरा काळानिळा व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर टाळा, नाहीतर बाई हातची जाईल. अण्णांनी हे कधी तोंडातून काढलं नाही. विचारलं की म्हणायचे, “लाकूड वाचतंय.” आक्काच एकदा मला म्हणाल्या, “फुंकणी लपवून ठेवलीया बघा ह्यांनी. चुलीपुढं बसूच देत न्हाईत.”

दोन वर्षं त्या घरात धूर झाला नाही. पण आधीच्या तीस वर्षांचा धूर छातीत होताच.

एका रविवारी सकाळी अण्णा गोळा घेऊन आले. आक्कांनी तांदूळ धुऊन पातेलं पेटीत ठेवलं. रात्रपाळीचे दमलेले अण्णा आडवे झाले. दहाच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर दोन वाकळा घातलेल्या. “बाई, हात लई गार लागत्यात हिचं. ऊबच धरंना.”

मी हात लावला आणि मला कळलं.

घर माणसांनी भरलं. अण्णा रडले नाहीत. तिरडी उचलताना माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “बाई, पेटी कुणाला उघडू देऊ नका.”

पुरुष मसणवटीकडं गेले. आमच्याकडं मयताच्या घरातलं शिजलेलं अन्न ठेवत नाहीत, भरलेलं पाणीही ओतून देतात. गल्लीतल्या थोरल्या काकूंनी घागरी पालथ्या घातल्या आणि पेटीकडं वळल्या. मी जाऊन पेटीवर बसले.

“उठा बाई. शिकलेल्या तुमी, रीत कळत न्हाय?”

“कळते काकू. पण उठणार नाही.”

काकू खूप बोलल्या. चार वाजेपर्यंत मी तशीच बसून राहिले.

अण्णा परत आले, पाय धुतले, आत आले. मी उठले. त्यांनी झाकण काढलं. पातेल्यातून बारीकशी वाफ आली. अण्णांनी दोन्ही तळवे पातेल्याला लावले आणि खाली बसले.

“तिनं ठेवल्याला भात हाय,” ते म्हणाले. “ती गेली तवा शिजत हुता.”

शेजारच्या घरातून आलेली पिठलं-भाकरी कोपऱ्यात झाकून पडली होती. मी काकूंकडं पाहिलं. त्या उठल्या, फळीवरची ताटली घेतली, पदरानं पुसली, स्वतःच्या हातानं पातेल्यातला भात वाढला आणि अण्णांपुढं सरकवली.

“जेव रं यल्लाप्पा. गरम हाय तवर जेव.”

पहिला घास तोंडात घेतला आणि अण्णांना रडू फुटलं. शेवटपर्यंत ते रडतच जेवले, आणि ताटलीत एक शीत ठेवलं नाही.