करंडीतला तिसरा

आमचे शेजारी आबा खुर्चीवर बसले तरी अर्धीच खुर्ची वापरत. उरलेली अर्धी कुणीतरी येईल म्हणून रिकामी. माझ्या घरच्या दिवाणावर तेच, देवळाच्या पायरीवरही तेच. लग्नाच्या पंगतीत तर अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी भिडवून "सरका भाऊ, सरका, अजून एक जण बसतो," म्हणत तिसऱ्याला बोलवत. तो तिसरा बिचारा जेवून हात पुसत निघालेला असे.

उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. जळगाव-रावेर, जळगाव-चोपडा, जळगाव-धुळे. रिटायर झाल्यावर घंटीची दोरी हातातून सुटली, सवय कुठली सुटायला! माझ्याकडे चहा पिऊन निघताना दाराच्या कडीवर दोन ठोके मारायचे, टण टण, आणि मगच पाऊल उचलायचे. एकदा मी गंमत म्हणून मागून आणखी एक ठोका मारला, तर हा माणूस उंबऱ्यातच थबकला. "काय झालं बाई? कोणी उतरणार शे का?" मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे शहरी मराठी बोलता बोलता 'आहे'चं 'शे' व्हायचं.

मी कन्याशाळेत शिकवत होते. दिवसभर मुलींचा कलकलाट ऐकून घरी आले की मला कुणाची बडबड नको वाटे. पण आबांना ते सांगणार कोण? त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अनिल धुळ्याला नोकरीला लागला, लग्न करून तिथेच राहिला, आणि जाताना बापाला सोबत म्हणून सशांची एक जोडी देऊन गेला. आबांनी त्यांना डेपोंची नावं दिली. नर रावेर, मादी यावल. यावल मादीच आहे असं आबांचं ठाम मत होतं. पिल्लं मात्र कधी झाली नाहीत, म्हणून मी त्या विषयात पडले नाही. दोघं दिवसभर एकमेकांना चिकटून. तिने मान पुढे केली की त्याने चाटायची. आबा कौतुकाने म्हणत, "दोघांचं सीट शे बाई. कायमचं रिझर्वेशन."

असं सगळं सुरळीत चाललं असताना आबा जत्रेला गेले आणि पिशवीतून तिसरा ससा घेऊन आले. रिंगा टाकून वस्तू जिंकायच्या दुकानात त्याला बक्षीस म्हणून मांडून ठेवला होता. कुत्र्याने त्याचा एक कान फाडला, मग तो बक्षिसाच्या लायकीचा उरला नाही. दुकानदार म्हणाला, न्या फुकट. एरंडोलच्या रस्त्यावरच्या जत्रेत मिळाला म्हणून त्याचं नाव एरंडोल.

"बाई, ओवाळायचं ताट आणा," आबा दारातून ओरडले.

"सशाला?"

"घरात नवीन माणूस येऊ राहिलं, तसंच कसं घ्यायचं?"

मी कपाळाला हात लावला, पण ताट नेलं. ओवाळून, कुंकू लावून एरंडोलला थेट त्या दोघांच्या पिंजऱ्यात सोडलं. झालं! यावलने मागचा पाय असा आपटला की मी दचकून ताट सोडलं. रावेर त्याच्या अंगावर तुटून पडला. पांढऱ्या केसांचे पुंजके उडाले. आबा मध्ये हात घालून "सरका रे, सरका रे, जागा शे!" म्हणत होते, तर रावेरने त्यांच्याच अंगठ्याचा चावा घेतला.

त्या दिवसापासून आबांच्या घरात सुतक लागल्यासारखं झालं. एरंडोलला स्वयंपाकघरात खोक्यात ठेवला. तो कोपऱ्यात तोंड करून बसे. लसूणघास पुढे ठेवला तर हुंगायचाही नाही. गुरांचे डॉक्टर म्हणाले, ससा असा उपाशी राहिला तर फार दिवस काढत नाही. त्याला सोबत द्या, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. घ्यायला तयार असा एकच गृहस्थ गल्लीत होता, आणि तो एरंडोलकडे बघताना मसाल्याचा विचार करतोय हे कुणालाही कळलं असतं.

आबा दिवसातून कितीदा तरी माझ्या दारात. "बाई, तो खाऊ नाही राहिला." थोड्या वेळाने, "बाई, मेथी पण नाही खाल्ली." मी वह्या तपासत असायची. "आबा, मी काय त्याला भरवू का आता?" असं खेकसले एकदा. ते कडीला ठोका न मारता निघून गेले, आणि मग मलाच जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कंडक्टरच्या जुन्या रुबाबात हजर. "सापडलं! बाई, घरात यांचं जमणार नाही. घर त्या दोघांचं शे, ते कशाला सरकतील? यांना गाडीत घालू."

"कुठल्या गाडीत?"

"धुळे गाडीत. मी आयुष्यभर बघितलं ना. स्टँडवर माणसं जागेसाठी गचांडी धरतात. पारोळ्याचे खड्डे लागले की एकमेकांचा खांदा धरतात, आणि उतरताना पत्ता विचारतात. रविवारी चला."

मी का गेले देव जाणे. एका करंडीत तिघं, वरून ओला पंचा बांधलेला, आणि करंडी आबांच्या मांडीवर. स्टँडवरच आत धुमश्चक्री सुरू झाली. करंडी नुसती थडथडत होती. आबांच्या कपाळावर घाम. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय शे त्यात? कोंबडी?"

"ससे शेत."

"इकाना शेत का?"

"विकायचे नाहीत!" मीच ओरडले. म्हातारा खिडकीकडे सरकला.

गाडी हलली. एरंडोल गाव गेलं तरी करंडीत खुडबुड चालूच. एकदा बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला आणि आबांनी माझं मनगट धरलं, चांगलं करकचून. मग खड्डे सुरू झाले. गाडी अशी आदळायची की माझा चष्मा नाकावर टिकेना. हळूहळू करंडीतला आवाज कमी झाला, आणि पारोळ्याच्या पुढे तर पार बंद झाला.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, तुम्ही बघा. माझ्याच्याने नाही बघवत."

पंच्याची गाठ सुटता सुटेना. शेवटी कोपरा उचलून आत डोकावले. तिघं एका गोळ्यात दडून बसली होती. एरंडोलने डोकं यावलच्या हनुवटीखाली खुपसलं होतं, आणि ती त्याचा फाटका कान चाटत होती. रावेर डोळे मिटून दोघांना टेकलेला.

"आबा, जिवंत आहेत हो! चाटतेय ती त्याला!"

आबांनी पाहिलं आणि पंच्याचं टोक तोंडावर धरून रडायलाच लागले. म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ससे का रडवतात हे त्याला कळलं नसणार, पण हात फिरवला खरा.

धुळ्याला उतरलो तेव्हा मी खुशीत होते. म्हटलं, आता अनिलकडे जाऊ, सशांना पाणी पाजू, आपण चहा घेऊ. तर आबा परतीची गाडी कुठे लागते ते बघायला लागले. कँटीनवाल्याने त्यांना लांबूनच हाक मारली, "या आबा, आज पाहुणे घेऊन? चहा टाकतो, नेहमीसारखा."

"नेहमीसारखा?" मी आबांकडे पाहिलं.

ते करंडीचा पंचा नीट करत राहिले. "महिन्याच्या महिन्याला येतो बाई. पास शे ना माझा. येतो, इथे चहा पितो, परत जातो."

"आणि अनिल?"

"तो बोलावतो हो. सूनबाई पण बोलावते, गुणी पोरगी शे. पण दोन खोल्या त्यांच्या. संध्याकाळी बसत असतील दोघं गप्पा मारत. मी गेलो की गप्प होतील. तोंडावर कोणी काही बोलणार नाही, पण मला कळेल ना? भीती वाटते बाई."

मला भडभडून आलं आणि त्याहून जास्त राग आला. महिन्याच्या महिन्याला इथवर येऊन हा माणूस मुलाच्या गल्लीत पाऊल टाकत नव्हता! मी करंडी उचलली, रिक्षा थांबवली, आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "बसा."

आबा बसले. पत्ता त्यांनी रिक्षावाल्याला खाणाखुणांसकट सांगितला. थोडं पुढे गेल्यावर खिशातून कंगवा काढून केस नीट केले, कॉलर ओढली, आणि अगदी हळू विचारलं, "बाई, शर्ट फार चुरगळला का हो?"

पार चुरगळला होता. छातीवर एरंडोलचे पांढरे केस चिकटले होते.

"नाही," मी म्हटलं. "छान दिसताय."