टपावरचा घुमट

एकोणचाळीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं. ज्यानं दगडांच्या डोक्यात आम्ल आणि अल्कली उतरवलं, त्याला आरटीओतल्या साहेबांना समजावणं म्हणजे पाणी पिण्याइतकं सोपं! असं मी घरात जाहीर केलं. बायको, दाक्षायणी, भाजी निवडत म्हणाली, "पाणी पितानाच ठसका लागतो की."

मी दुर्लक्ष केलं. माझी जुनी व्हॅन आता फिरती वेधशाळा होती. मंद्रूपच्या शाळेतल्या पोरांना मी शब्द दिला होता, सोमवारी गाडी दारात येणार आणि दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग दिसणार! होटगीच्या बसू वेल्डरनं टपावर घुमट चढवला. बसूला एकच धातू ठाऊक, लोखंड. आणि एकच माप, जास्त!

"गुर्जी, लई दणकट हाय. हत्ती नाचवा वर!"

दिसायला गाडी म्हणजे डोक्यावर हंडा घेतलेली कोंबडी. पण विज्ञानाला रूप लागत नाही.

शुक्रवारी बसूला चालवायला बसवून आरटीओत गाडी पास करून घ्यायला गेलो. इन्स्पेक्टर कोण, तर अमरेश, माझाच विद्यार्थी! नववीत दोनदा बसलेला. मला पाहताच उठला. गुरुजी उभे असताना तो बसेना आणि मी कधी बसून शिकवलेलं नाही. मागे रांग तुंबली.

"गुरुजी, गाडीत बदल करायचा तर आधी परवानगी लागते. तुम्ही बदल करून मग आलात."

"अरे, उत्तर बरोबर असलं तर पायऱ्या कोण बघतो?"

"तुम्हीच बघायचात की! पायऱ्यांचे मार्क कापायचात!"

रांगेत हशा पिकला. माझं डोकं फिरलं. विषय कळला नाही की माणसं नियमाला अशी लोंबकळतात!

"कागद सोड. गाडी सुरक्षित आहे का, हे गुरुत्वमध्य ठरवतो." मी त्याच्या पेल्यावर त्याचा स्टेपलर ठेवला. "वजन खाली, तर वस्तू स्थिर. वजन वर गेलं की गुरुत्वमध्य वर, मग ती वळणावर कलंडते. कळलं?"

अमरेशचा चेहरा उजळला. "गुरुजी, टपावरचं लोखंड किती किलो?"

"दोनशे दहा!" मी छाती फुगवून सांगितलं.

"मग वजन वर गेलं की!"

"व्हय की!" सगळी रांग ओरडली. माझा वर्ग इतका हुशार कधीच नव्हता.

गाडी चाचणीच्या मैदानात नेली. बसूनं बैलगाडीच्या वेगानं वळण घेतलं. गाडी झुकली, क्षणभर विचारात पडली आणि दमलेल्या म्हशीसारखी कुशीवर निजली! बसू खिडकीतून वर येत म्हणाला, "बगा गुर्जी, घुमटाला पोचा बी न्हाय!"

अमरेशनं नापासचा शेरा लिहिला आणि माझ्या पाया पडला. "गुरुजी, हा धडा आज समजला."

सोमवारी दुर्बीण मांडीवर घेऊन एसटीनं मंद्रूप गाठलं. चाळीस पोरं फाटकाशीच उभी.

"गुर्जी, गाडी कुटं हाय?"

खोटं बोलणं मला जमत नाही. पोरांना वर्गात नेलं, फळ्यावर गाडी काढली, घुमट काढला आणि ती का उलटली ते सावकाश दोनदा समजावलं. पहिल्या बाकावरच्या राजनंदिनीनं हात वर केला.

"पर गुर्जी, हे तुमाला आदी म्हाईत नव्हतं व्हय?"

"चला, बाहेर चला! सूर्यावर ढग येतील!"

आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता.