मास्तरांचा कोट आणि करडी घोडी

बायको गेल्यावर शिंपीमास्तरांनी शिलाई मशीनवर चादर टाकली ती टाकलीच, आणि तोंडालाही कुलूप लावले. तसे ते आधीही बोलके नव्हते. चाळीस वर्षे ओठांत टाचण्या धरून लोकांची मापे घेणारा माणूस बोलणार कधी? पण घरात दोघांच्या वाटचे बायको एकटी बोलत असे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. आता आठ महिने कुणी काहीही विचारले तरी एकच उत्तर, "हं." भूक लागली का, हं. झोप आली का, हं. दुकान कधी उघडणार, या प्रश्नाला तर तेवढेही नाही.

मुलगी त्यांच्यासाठी रजा घेऊन आली होती, पण ती रजा चार आठवड्यांची होती. त्यानंतर तिला परगावी आपल्या नोकरीवर हजर व्हायचे होते, आणि या मुक्या माणसाला एकटे टाकून जायला तिचा पाय निघत नव्हता.

"बाबा, गुरुवारी आपण तबेल्यात जायचंय," ती एक दिवस म्हणाली.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "हं" सोडून दुसरा शब्द निघाला, याचेच तिला अप्रूप वाटले.

"घोड्यांजवळ राहून मन मोकळं होतं म्हणे. वर बसायचं नाही हो, नुसतं शेजारी उभं राहायचं."

शहराबाहेर एक गोल रिंगण होते आणि तिथल्या शिक्षिकाबाई नियमांना पक्क्या होत्या. दोर ओढायचा नाही, घोडीला हाक मारायची नाही आणि खाण्याचा पदार्थ जवळ बाळगायचा नाही. "घोडी तुमच्या मनाला उत्तर देते. लाच दिली की उत्तर खोटं," असे म्हणून त्या आत सोडण्याआधी प्रत्येकाचे खिसे स्वतः तपासत.

घोडी करड्या रंगाची, वयस्कर आणि शिष्ट होती. तीन गुरुवार तिने मास्तरांना हुंगले आणि पाठ फिरवली. मास्तर तिच्या शेपटीकडे पाहत तासभर उभे राहत आणि घरी येत. त्यांच्या आधीपासून येणाऱ्या दाताच्या डॉक्टरांची गत काही वेगळी नव्हती. सहा महिन्यांत घोडीने त्यांच्यासमोर एकदा जांभई दिली होती. दात पाहायला मिळाले, एवढ्यावर ते समाधान मानत.

चौथा गुरुवार शेवटचा. त्या दिवशी थंडी पडली होती म्हणून मुलीने कपाटातून मास्तरांचा लोकरीचा लांब कोट काढला. गेल्या हिवाळ्यानंतर तो बाहेर आला नव्हता. शिक्षिकाबाईंनी नेहमीप्रमाणे खिशांत हात घातला आणि त्यांची बोटे भोकातून थेट अस्तरात गेली.

"मास्तर, तुमचा खिसा फाटलाय की!"

"हं," मास्तर म्हणाले. दिव्याखाली अंधार असतोच. दुसऱ्यांचे खिसे शिवता शिवता जन्म गेला, स्वतःच्या खिशाकडे बघतो कोण?

ते रिंगणात शिरले, आणि घोडीने मान वर केली. मग ती चालत आली ती थेट त्यांच्यापुढे येऊन थांबली आणि तिने मान त्यांच्या गुडघ्यांपर्यंत खाली घातली.

"कुणी हलू नका," शिक्षिकाबाई कुजबुजल्या. "सहा वर्षांत तिने कुणापुढे मान झुकवलेली नाही."

मुलीने कुंपण घट्ट धरले. दाताच्या डॉक्टरांनी रुमाल काढला.

"बाई," मास्तर म्हणाले, "ही कोट खातेय."

"बोललात! बोला मास्तर, मनात येईल ते बोला!"

"कोट खातेय, म्हटलं."

"तो कोट नाही, तुमचं दुःख आहे. ती ते ओढून काढतेय. धरून ठेवू नका, सोडा!"

"अहो, लोकरीचा आहे. मी शिवलाय."

"तेच तर सोडायचंय!"

मास्तर एक पाऊल मागे सरकले, घोडी एक पाऊल पुढे आली. ते वळले, तीही वळली. कोटाचे टोक तिच्या दातांत आणि मास्तर कोटात, अशा त्यांनी रिंगणाला तीन फेऱ्या घातल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, जन्माचे सोबती फिरायला निघालेत. मुलगी हसत होती आणि रडतही होती. तेवढ्यात टर्रकन आवाज झाला. मास्तरांची शिवण उसवली नाही, तशी ती कधीच उसवत नसे, कापडच फाटले, आणि मास्तर रिंगणातल्या भुशात मागच्या मागे बसले.

आणि अस्तरात पार खाली साठलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या भुशात सांडल्या. एक-दोन नव्हे, हिवाळाभराच्या. घोडी त्या कागदासकट खाऊ लागली.

"मास्तर, नियम सांगितला होता ना मी?" शिक्षिकाबाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे मान झुकवणं वगैरे काही नव्हतंच!" दाताचे डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत इतके बरे त्यांना कधी वाटले नव्हते.

मास्तर मात्र अजून भुशातच बसले होते. त्यांना हिवाळ्यात खोकला होई. बायको रोज सकाळी कोटाच्या खिशात एक गोळी ठेवी आणि संध्याकाळी विचारी, खाल्लीत का? खिसा तर रिकामा. ते म्हणत, ठेवलीच नव्हतीस, हल्ली तू विसरतेस. ती म्हणे, अहो, ठेवली होती. शेवटी शेवटी तिलाही आपल्या डोक्याची खात्री वाटेनाशी झाली होती, आणि त्याच शंकेत ती गेली.

"बाबा, लागलं का कुठे?" मुलगी धावत आत आली.

"ठेवत होती गं ती," मास्तर म्हणाले. "रोज ठेवत होती. आणि मी तिला वेडी ठरवली." आठ महिने अडलेले रडू मग आले. घोडी त्यांच्या मांडीखाली राहिलेली गोळी शोधत होती.

त्या संध्याकाळी मशीनवरची चादर निघाली. मास्तरांनी कोट सांधला, खिसा दुहेरी शिवणीने शिवला. मुलगी सोमवारी निश्चिंत मनाने कामावर गेली.

पुढच्या गुरुवारी मास्तर आपले आपण तबेल्यात हजर. शिक्षिकाबाईंनी खिसे दोनदा तपासले. घोडीने कोट वरपासून खालपर्यंत हुंगला, काही नाही म्हटल्यावर पाठ फिरवली.

"मनाला लावून घेऊ नका, मास्तर," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"असू दे, अशीच बरी."

बायकोही ओट्यापाशी अशीच पाठमोरी उभी राहून बोलत असे, आणि ते मागे ओठांत टाचण्या धरून गप्प बसलेले असत. मास्तरांनी घसा खाकरला.

"अगं, खिसा फाटला होता," ते म्हणाले, आणि मग इतके बोलले की दाताच्या डॉक्टरांचा नंबर त्या दिवशी आलाच नाही.